बक्कल नंबर

मी फोन केला. म्हटलं,
सांगली सायबर पोलीस ठाण्यातून बोलतेय.
पलीकडं नुसता श्वास. मग फोन बंद.
पुन्हा केला. बंद.
तिसऱ्यांदा उचलला आणि म्हणाले,
"आता काही उरलं नाही माझ्याकडं, बाई. खरंच नाही."

पद्मण्णा मगदूम, वय एकाहत्तर, राहणार वखारभाग.
मार्केट यार्डात अडतीस वर्षं तोलार.
हळदीच्या पोत्यामागं दोन्हीकडच्या शिव्या खाल्ल्या,
काटा कुणाकडं झुकू दिला नाही.
पहिल्या वजनाला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं;
घरी गॅसची टाकी आली तरी मोजणी लाभपासून.
हे सगळं सुनेनं सांगितलं.
फिर्यादही तिनंच दिली.

दोन दिवस ते खोलीत बसून होते.
मोबाईल तांब्याला टेकवलेला,
पडद्यावर टोपी, खांद्यावर तारे,
मागं तिरंगा, आणि दरडावणारी हिंदी.
तुम्ही अटकेत आहात. हलायचं नाही.
लघवीलासुद्धा विचारून गेले.
कोठडी स्वतःच्या घरातली,
कडी स्वतःच्या हातानं लावलेली.
अकरा लाख चाळीस हजार.

माझी टोपी खणात असते, डब्याशेजारी.
दंडावर फिती आहेत, धुऊन धुऊन फिकटलेल्या.
तिरंगा साहेबांच्या खोलीत.
त्या भामट्याचा गणवेश
माझ्यापेक्षा कडक इस्त्रीचा होता.

माग काढणं म्हणजे लोकांना वाटतं, कुत्रं सोडतात.
मी ईमेल पाठवते.
मग बँकेला फोन, मग तोच ईमेल पुन्हा.
"मॅडम, सर्व्हर डाऊन आहे."
"मॅडम, ते साहेब आज रजेवर."
तोवर एका खात्यातले पैसे चार खात्यांत,
चारातले अकरात,
आणि कुठल्यातरी गावाच्या एटीएमसमोर
तोंडाला रुमाल बांधलेला कुणीतरी
शांतपणे नोटा मोजतोय.

एक खातं कुपवाडचं निघालं.
हर्षल, वय एकोणीस. तीन हजारांत खातं भाड्यानं दिलेलं.
त्याचे बूट आणले होते, पांढरे.
चौकीत बसला तेव्हा
पाय खुर्चीखाली ओढून घेत होता सारखा.
"मी काय केलं मॅडम? वापरायला दिलं फक्त."
माझा धाकटा भाऊ असंच म्हणाला असता.
पंचनाम्यात मी बूट लिहिले.

दोन लाख सोळा हजार गोठले.
बाकीचे गेले.
हे फोनवर सांगायचं नव्हतं,
आणि फोनवर ते ऐकणारही नव्हते.

म्हणून गेले. दार साखळीपुरतं उघडलं.
फटीत एक डोळा, चष्म्याची अर्धी काच.
ओळखपत्र धरलं. त्यांनी ते बघितलंच नाही.
"असलं कार्ड त्यानंपण दाखवलं होतं."
खरंच होतं. काय बोलणार?

मग फटीतूनच म्हणाले,
"हरिपूरला पेवं होती. ठाऊक आहेत का?
पेव उघडलं की आधी कंदील सोडायचा.
विझला, तर माणूस उतरवायचा नाही.
माझा बा सांगायचा हे.
आणि मी बघा, तसाच उतरलो."

मी म्हटलं, "आता सोडा की कंदील.
ठाण्याला फोन लावा. नंबर मी देणार नाही,
तुम्ही तुमचा शोधा.
विचारा, अशी बाई आहे का म्हणून.
मी थांबते."

दार लागलं.
आत सूनबाई कुठल्याशा जुन्या डायरीतून
आकडे वाचत होती.
मी जिन्याच्या कठड्याला टेकून उभी.
खालच्या वखारीतून हळदीची धूळ वर येत होती,
नाकात शिंक अडकलेली.
अठरा वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच
कुणीतरी माझ्यावर संशय घेतला
आणि मला बरं वाटलं.

ठाण्यात लांडगे असणार टेबलावर,
देवा, त्यानं उचलू दे.

मग आतून आवाज आला, थकलेला,
पण काट्यापुढं उभं राहिल्यासारखा,
माझा बक्कल नंबर एकेक आकडा मोजत:
"लाभ...
चार...
लाभ...
दोन.
आहे का हो अशी कुणी तुमच्याकडं?"